दिवसाढवळ्या लावलेलं लग्न

माझा पहिला नवरा मेला त्या दिवशी माझ्या सासूने आधी मला शिवी दिली आणि मग ती रडायला बसली. दगडांनी भरलेली बैलगाडी नाल्याच्या उतारावर उलटली आणि तो खाली सापडला. त्याला खाटेवर घालून आणलं तेव्हा मी दारात उभी होते, पोरगी कडेवर होती. सासूने त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "विटाळाच्या हातानं देव बुडवले इनं. घ्या आता. देवानं माहा लेक नेला."

ही देवांची गोष्ट आधी सांगायला हवी. आमचं गाव मारेगाव तालुक्यातलं, काळ्या मातीचं, कपाशीचं. गावाच्या उगवतीला आमची वस्ती. छप्पन साली नागपूरला दीक्षा झाली, तेव्हा वेचणी तोंडावर आली होती, तरी वस्तीतले बरेच बापे गेले. माझा नवराही गेला. परत आल्यावर त्याने सांगितलं की या घरात यापुढे देव नाहीत. फळीवर पितळेचे टाक होते, एक शेंदूर फासलेला गोटा होता. सासू त्यांच्यापुढे आडवी झाली असती, हे त्याला माहीत होतं. मी तेव्हा बाजूला बसलेली होते, आणि त्या दिवसांत सासू माझ्या सावलीलाही शिवत नसे. त्याने टाक टोपलीत भरले, टोपली माझ्या डोक्यावर दिली आणि म्हणाला, चल. सासू अंगणभर मागे मागे आली, पण टोपलीला हात लावू शकली नाही. मी नदीवर जाऊन टोपली पालथी केली. नवरा काठावर उभा राहून हसत होता. खूप हसला त्या दिवशी.

पुढच्या उन्हाळ्यात तो गेला.

त्यानंतर त्या घरात मला दुःख करायची सोय राहिली नाही. मी रडायला लागले की सासू म्हणे, "मारून वरतून रडते." तिने त्याचं घोंगडं, त्याची कुऱ्हाड, तंबाखूची चंची, सगळं उचलून आपल्या खाटेखाली ठेवलं. मला त्यातलं काही शिवू दिलं नाही. त्याचं नाव मी घेतलं तर ती थुंकायची. मग मी रडणं सोडलं. लोकांना वाटलं की मला काही वाटतच नाही, आणि तेही माझ्याच खात्यात जमा झालं. माझी आई नव्हती. भावाने एकदा येऊन सांगितलं की दिल्या घरी राहा, आणि तो जेवून गेला.

मी काही गरीब गाय नव्हते. आतून मी तापत गेले होते. सासूला मी उलट बोलत नसे, पण तिच्यापुढे भाकरी अशी ठेवायचे की ताट वाजावं. शेजारणीशी धड बोलत नसे. वेचणीला गेले की कोणाच्या ओळीजवळ ओळ धरत नसे. पोरगी सोडली तर त्या गावात मला एकही माणूस आवडत नव्हता, आणि मी कोणाला आवडत नव्हते.

सासूला मात्र मला घराबाहेर जाऊ द्यायचं नव्हतं. कामाला मी चांगली होते आणि पोरगी तिच्या लेकाची होती. तिने ठरवलं की धाकट्या मुलाशी माझा पाट लावायचा. आमच्यात विधवेचा पाट लागे, त्यात नवल नव्हतं. पण तो दीर मी लग्न होऊन आले तेव्हा शेंबडा होता. मी त्याला न्हाऊ घातलेलं. मी नाही म्हटलं. सासूने कारण विचारलं, मी म्हटलं, "लेकरू हाय तो माहं." हे त्याने ऐकलं. तोवर त्याला मिशी फुटली होती. त्याला मी नको होते, हे मला पक्कं माहीत होतं. पण एका विधवेने आपल्याला नाही म्हटलं, तेही लेकरू म्हणून, हे त्याला सोसलं नाही. त्या दिवसापासून तो मला वयनी म्हणेनासा झाला. मी येताना दिसले की वाटेवर थुंकून बाजूला होई.

अशी काही वर्षं गेली. मेलेली जनावरं ओढायचं आमच्या लोकांनी सोडलं होतं, म्हणून गावाने आम्हाला पाणी देणं बंद केलं. आधीही आम्हाला विहिरीवर चढू देत नव्हते, वरून ओंजळीत ओतत. आता तेही गेलं. नाल्यात झिरा उकरून आम्ही वाटी वाटीने पाणी भरायचो. उन्हाळ्यात झिराही आटे. शेवटी वस्तीने ठरवलं की आपली विहीर आपण खोदायची. मुरुमापर्यंत खणून झालं आणि खाली काळा खडक लागला. तो फोडायला राजूरहून एक माणूस आणला.

राजूरला तेव्हा कोळशाची खाण होती आणि चुन्याच्या भट्ट्या होत्या. हा माणूस आधी खाणीत सुरुंग लावायचा, नंतर भट्टीसाठी दगड फोडायचा. आमच्यातलाच होता, पण गावात त्याचं कोणी नव्हतं. चुन्याने त्याच्या हातांची सालं गेलेली. सुरुंगांच्या आवाजाने दोन्ही कानांनी त्याला कमी ऐकू येई, म्हणून तो मोठ्याने बोले. आपण मोठ्याने बोलतो, हे त्याला कळतही नसे. समोरच्यानेही मोठ्यानेच बोलावं लागे. त्याच्याशी हळू आवाजात बोलणं शक्य नव्हतं.

मी टोपल्या वाहायला होते. तळातून दगड वर आले की बायकांची ओळ असे, एकीच्या हातातून दुसरीच्या हातात टोपली जाई. एकदा सुरुंगाला बत्ती दिली, सगळे लांब पळाले. माझी चुंबळ काठावर राहिली होती, ती घ्यायला मी मागे वळले. तो ओरडला, "वो बाई, मरायचं असन त घरी जाऊन मर. माह्या विहिरीत मरू नको."

मी चुंबळ घेतली आणि तशीच चालत आले. माझ्या पाठीमागे बार उडाला, माती अंगावर पडली. तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. रागाने लाल झाला होता. मी म्हटलं, "विहीर तुमची नाई, आमच्या वस्तीची हाय."

"एका चुंबळीसाठी जीव देते का?"

"माहा जीव कोनाले पायजे?"

"मले पायजे," तो म्हणाला. "टोपल्या उचलाले मानसं कमी पडून राह्यले."

पुढचं वाक्य कोणी धरलं नाही. 'मले पायजे' एवढंच सगळ्या वस्तीने ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत ते घराघरात फिरलं.  सासूने चुलीवरची भाजी उतरवून आपल्यापुरती वाढून घेतली. मला त्या माणसाचा भयंकर राग आला होता. पण एक गोष्ट मनात राहिली. त्याने मला बिचारी म्हटलं नव्हतं, आणि अवदसाही म्हटलं नव्हतं. कामाच्या जागी चूक करणाऱ्या माणसावर ओरडावं तसा तो ओरडला होता.

नंतर दुपारच्या भाकरीच्या वेळी आमचं बोलणं होऊ लागलं. तो पहारीला धार लावत बसायचा, मी ओळीच्या टोकाला लिंबाच्या सावलीत. मध्ये एवढं अंतर की कोणी बोट ठेवू नये, आणि आवाज एवढा की सगळ्यांना ऐकू जावा. त्याची बायको बाळंतपणात गेली होती, पोटातलं लेकरूही गेलं. तो सासऱ्याकडे गेला तेव्हा सासऱ्याने त्याला अंगणात उभं राहू दिलं नाही. गाडी वेळेवर जुंपली नाहीस, तूच मारलीस, असं म्हणाला. हे सांगताना त्याची पहार थांबली नाही. मी देवांची टोपली सांगितली. तो सगळं ऐकून म्हणाला, "तुह्यावर देवाचा आळ, माह्यावर गाडीचा." आणि थोड्या वेळाने विचारलं, "मानूस कसा होता तुहा?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. तो कसा मेला, कोणामुळे मेला, हेच सगळे बोलत. मी भाकरी हातात घेऊन बसून राहिले.  मग म्हटलं, "जेवताना बोलत नव्हता. आन हसला की लई हसे." तो मान हलवून परत पहारीला लागला.

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या भुवया भट्टीत भाजून विरळ झाल्या होत्या. दिसायला काही खास नव्हता. पण मला वाटलं, उद्याही हा इथंच बसलेला असावा.

बायकांना ते माझ्याआधी कळलं असावं. एका सकाळी मी टोपली पुढे केली तर शेजारच्या बाईने हात पुढे केला नाही. मी तशीच उभी. मागून टोपल्या येऊन साचल्या. ती म्हणाली, "ठेव खाली. मी उचलतो." तुझ्या हातातून घेणार नाही, एवढाच अर्थ. मी खाली ठेवली, तिने उचलली. पुढे रोज तसंच. गाव आमच्या हातात पाणी घालत नव्हतं म्हणून आम्ही विहीर खोदत होतो, आणि त्याच विहिरीवर माझ्या हातातली टोपली कोणी घेत नव्हतं. मी हे तोंडावर बोलून दाखवलं. त्याने वैर वाढलं एवढंच. एकीने सांगितलं, गावाची गोष्ट वेगळी आणि तुझी वेगळी.

राजूरच्या माणसाने विहिरीच्या तळातून हे पाहिलं होतं.  खडकात पाणी लागलं त्या दिवशी सगळी वस्ती काठावर जमली. कोणाच्या हातून पहिली बादली काढायची, यावर म्हाताऱ्यांची चर्चा झाली आणि एका लेकुरवाळ्या सवाष्णीचं ठरलं. मला कोणीतरी मागे सरकायला सांगितलं. तो तळात कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. त्याने बादली भरली, दोर हातात धरून ठेवला आणि मान वर करून मला हाक मारली. म्हणाला, "तू वढ. टोपल्या तू वाह्यल्या."

दोराचं वरचं टोक त्या सवाष्णीच्या हातात होतं. ती ओढू लागली तर तो खालून सोडेना.  मी पुढे झाले, तिच्या हातातून दोर घेतला आणि बादली वर काढली. गढूळ, चुनखडीचं पाणी होतं. मी ते प्याले. माझ्यामागून त्या बादलीतलं कोणी प्यालं नाही, ती ओतून दिली. दुसरी बादली काढून मग लोकांनी गूळ वाटला. आमच्या घरी गूळ आला नाही.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो सरळ वस्तीतल्या पाच शहाण्या माणसांपुढे गेला आणि त्याने मला मागितलं. मलाही बोलावलं. हीच माणसं नागपूरला जाऊन आलेली, यांनीच घराघरातून देव काढायला लावलेले. मला वाटलं होतं, ती हो म्हणतील. त्यांनी हो म्हटलंही. पण पाट जुन्या रीतीने लावायचा. अंधार पडल्यावर, वस्तीबाहेर, वाजंत्री नाही, जेवण नाही. उजाडायच्या आत मी गाव सोडायचं, म्हणजे सकाळी कोणा सवाष्णीला माझं तोंड दिसायला नको. आणि पोरगी सासूकडे राहील.

मी म्हटलं, "देव बुडवले तवा ही रीत नाई बुडवली का?"

त्यांच्यातला सगळ्यात वयस्कर माणूस, जो मला पोरीसारखी म्हणायचा, तो म्हणाला, "देव दगडाचे होते, बाई. रीत मानसायची हाय."

"मंग मी दिवसा जाईन. तोंड दाखवून जाईन. आन लग्न लावीन, पाट नाई."

दीर मागे उभा होता. त्याने लाज काढली, मला नको ते बोलला. राजूरचा माणूस त्याच्यावर धावून गेला, दोघांना धरावं लागलं. बैठक तिथेच मोडली. त्या पाचांनी नंतर ठरवलं की मी दिवसा गेले तर वस्तीने माझ्याशी रोटीव्यवहार ठेवायचा नाही. मी घरी आले तर पोरगी घरात नव्हती. सासूने तिला कोणा लांबच्या नातलगाकडे धाडून दिलं होतं. कोणत्या गावी, ते मला कोणी सांगितलं नाही.

मी भर दुपारी निघाले. मुद्दाम. वस्तीच्या मधल्या वाटेने, डोक्यावर गाठोडं घेऊन, पदर मागे टाकून. तो माझ्या शेजारून चालत होता. बायकांनी दारं लावून घेतली. दारं लागण्याचा आवाज आमच्या पुढे पुढे जात होता. शेवटच्या घरातून कोणीतरी राखेची टोपली आमच्यामागे रिकामी केली.

राजूरला भट्टीवरच्या झोपड्यांमध्ये आमचं लग्न लागलं. सकाळी, लख्ख उन्हात. पांढरं लुगडं नेसले होते. वाचता येणाऱ्या एका माणसाने पंचशील म्हटलं, आम्ही मागोमाग म्हटलं. पाहायला भट्टीवरचे मजूर होते, खाणीतले दोनचार जण होते, जवळच्या मुसलमान मिस्त्रीने पत्र्याचा एक पेटारा भेट दिला. माझ्या बाजूचं कोणी नव्हतं. मला आनंद झाला का? खरं सांगायचं तर त्या दिवशी मी सगळा वेळ पोरीचा विचार करत होते, आणि कोणी हसलं की मला त्याचा राग येत होता.

काही महिन्यांनी पोरगी सासूकडे परत आल्याचं कळलं तेव्हा मी गावी गेले. तो म्हणाला, मी येतो. मी म्हटलं, बाहेर थांबा. तो वस्तीच्या तोंडाशी थांबला. मी अंगणात शिरले तर पोरगी ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिने मला पाहिलं आणि ती आत पळाली नाही, जवळही आली नाही. म्हणाली, "तू त मेली ना? आजीनं सांगतलं."

मी अंगणात खाली बसले. म्हटलं, मेले नाही, हात लावून पाहा. ती आली नाही. सासू बाहेर आली. तिने मला पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, शेणाचा सडा टाकायला घेतला आणि मी बसले होते तेवढी जागा सोडून सगळं अंगण सारवलं. मी उठले नाही. ऊन डोक्यावर आलं. दीर आला, मला पाहून परत गेला. पोरगी दारातून डोकावे, आत जाई. मग एकदा ती आली आणि माझ्या पाठीला बोट लावून पळाली. दुसऱ्यांदा आली तेव्हा माझ्या मांडीवर बसली.

सासूने ते पाहिलं. ती आत गेली आणि पोरीचे झगे, टिकल्यांची डबी, पाटी, सगळं अंगणात फेकू लागली. मला वाटलं, आता मारायला धावेल. पण ती उंबऱ्यावर बसली आणि पहिल्यांदा माझ्याशी हळू बोलली.

"घेऊन जा. माह्या लेकाचं तोंड हाय तिचं. रोज पाह्यवत नाई मले."

मी सामान गोळा केलं. तिला काही बोलावं असं मला वाटलं नाही.  मी पोरीला घेऊन बाहेर पडले तेव्हा सासू अंगणातली मी बसले होते ती सुटलेली जागा सारवत होती.

राजूरला आल्यावर एक वेगळंच झालं. सगळं मिळालं होतं, आणि मी चुलीपुढे बसून रडायला लागले. माझ्या पहिल्या नवऱ्यासाठी. तो जाऊन किती वर्षं झाली होती, आणि रडू असं आलं जसं त्याला आत्ताच अंगणात आणून ठेवलंय. भाकरी तव्यावर करपली. हा भट्टीवरून आला, धूर पाहिला, तवा उतरवला आणि बाजूला बसला. मला वाटलं, आता विचारेल की माझ्या घरात दुसऱ्यासाठी काय रडतेस. तो म्हणाला, "रड. मी बी तिच्यासाठी रडतो, भट्टीवर. तिथं डोये तसेबी लालच असतात." मग त्याने स्वतः पीठ मळलं, भाकरी वेडीवाकडी थापली. मी रडत रडत ती खाल्ली.

मला विचाराल तर आमचं लग्न त्या दिवशी लागलं.

आम्ही खूप भांडायचो. दोघांचीही तोंडं वाईट होती, आणि त्याला ऐकू यावं म्हणून मला ओरडावं लागे, त्यामुळे साधं बोलणंही शेजाऱ्यांना भांडण वाटे. पोरगी त्याला बरीच वर्षं बाबा किंवा दुसरं काहीच म्हणत नसे. त्याचा हात लागला तर चावायची. त्याने तिला कधी काही म्हणायला लावलं नाही. भट्टीवर तिला येऊ देत नसे, एवढी एकच सक्ती. ती राजूरच्या शाळेत होती तेव्हा एकदा मास्तरांनी बापाला बोलावलं आणि तिने त्यालाच नेलं. मला ते दुसऱ्याकडून कळलं.

गावाने मला परत कधी बोलावलं नाही. लग्न झालं, मयत झाली, निरोप आला नाही. दीर एकदा वणीच्या बाजारात समोरासमोर आला. अंगाने भरला होता. मी थांबले. तो बाजूने निघून गेला.

सासू गेल्याचं मला राजूरच्या बाजारात कळलं, तिला माती देऊन बरेच दिवस झाल्यावर. घरी येऊन मी सांगितलं. पोरगी तोवर लुगडं नेसायच्या वयात आली होती. ती रडायला लागली. म्हणाली, आजी तिला थंडीत आपल्या पोटाशी घेऊन निजवायची, शेंगा भाजून पदरात बांधून ठेवायची, तिच्या बापाच्या गोष्टी सांगायची. तो लहानपणी झाडावरून कसा पडला, बैलाला कसा भ्यायचा. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मी विचारत गेले, ती सांगत गेली. त्या बाईबद्दल एक चांगला शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही, आजही निघत नाही. पण पोरगी रडत होती तोपर्यंत मी तिच्याजवळ बसून राहिले, आणि तिला एकदाही गप्प राहा म्हटलं नाही.